लिंबूटिंबूवर राज्य येत नाही

सुमे, तुझं तेरावं होऊन आज आठ दिवस झाले. तेराव्याला पुष्कळ लोक बोलले. तू किती गावं पायाखाली घातलीस, किती बायकांना सहीपुरतं तरी लिहायला लावलंस, कालव्याच्या पाण्यासाठी कुणाकुणाच्या दारात बसलीस, सगळं झालं. एकजण तर म्हणाला की सुमनताईंना मी कधी चिडलेलं पाहिलं नाही. तेव्हा मी पदराआड तोंड लपवलं. मला बोलायला सांगितलं तर मी मान हलवली. लोकांना वाटलं, कुंदाताईंना आवरत नाहीये. आवरत नव्हतंच, पण मी गप्प राहिले ते दुसऱ्याच कारणानं. मांडवाच्या कडेला सकुबाई बसली होती, आणि घटकाभर आधी नळावर हात धुताना तिनं मला एक गोष्ट सांगितली होती.

गोष्ट त्या एका शब्दाची. ज्याच्यावरून तू आणि मी नऊ वर्षं भांडलो, तो. तो कुणाच्या तोंडून गेला याबद्दल माझ्या मनात कधी शंका नव्हती. तो तुझ्या तोंडून गेला. मी तुला तसं तोंडावर म्हणायचे, आणि तू एकदाही नाही म्हणाली नाहीस. त्या शब्दानं एका वस्तीचं नाव पुसलं. ते अजून पुसलेलंच आहे आणि तू मात्र गेलीस. आता मी हे कुणाशी भांडू? म्हणून लिहायला बसलेय.

पहिल्यापासून सांगते, तुला सगळं माहीत असलं तरी. मला ते एकदा माझ्या हातानं नीट लावून बघायचंय.

पाणी वापर संस्थांचं वारं सुटलं होतं ते दिवस. सरकार म्हणत होतं, कालव्याचं पाणी आता शेतकऱ्यांनी संस्था करून आपापसात वाटून घ्यावं. परिपत्रकं यायची आणि ती वाचताना आपल्यालाच जांभया यायच्या. येडगावच्या धरणातून निघालेला कालवा, त्याच्या चाऱ्या, चारीच्या तोंडाशी बसलेले ऊसवाले, आणि शेवटी टेलला बसलेले, ज्यांच्या बांधापर्यंत पाणी पोचायच्या आत पाळी संपलेली असायची. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, पण सभेत कुणी बोलत नव्हतं. कसं बोलणार? तोंडाशी बसलेला माणूसच डेअरीचा चेअरमन असायचा आणि टेलवाल्याला रोज सकाळी त्याच डेअरीत दूध घालायचं असायचं.

तेव्हा तू म्हणालीस, सभा नको, खेळ घेऊ. मी हसले. म्हटलं, "मोठी माणसं कुठं खेळतात?" तू म्हणालीस, "मग दिवसभर पारावर पत्ते कोण कुटतं?" कळंबच्या शाळेमागं चिंचेचं झाड होतं. तिथून आपण चिंचोके गोळा केले. खताच्या गोणीची पिशवी मी माझ्या मशीनवर शिवली. जमिनीवर चुन्याच्या फक्कीनं एक लांब रेघ ओढायची, तो कालवा. रेघेवर आठजण ओळीनं बसवायचे, कोण कुठे ते चिठ्ठ्या टाकून. पिशवीत चाळीस चिंचोके, म्हणजे वाटून घेतले तर एकेकाला पाच. पहिल्यानं पिशवीत हात घालायचा, हवे तेवढे मुठीत घ्यायचे, कुणाला दाखवायचं नाही, पिशवी पुढे द्यायची. शेवटच्यापर्यंत पिशवी गेली की तू म्हणायचीस, "मुठी उघडा." एवढाच खेळ. बालवाडीतल्या पोरांनाही जमला असता.

पाटबंधारेच्या ऑफिसात परवानगी मागायला गेलो होतो ते आठवतंय? साहेबांनी चहा दिला, आपलं सगळं ऐकून घेतलं आणि मग मागं उभ्या असलेल्या शिपायाला विचारलं, "यांच्याबरोबर कुणी जेन्ट्स आलेत का?" पायऱ्या उतरताना तू म्हणालीस, "कुंदे, आपण इथे लिंबूटिंबू. खेळायला घेतात, पण धरत नाहीत." मला इतकं हसू आलं की मी स्टँडपर्यंत हसत होते. लहानपणी धाकट्या भावंडाला खेळात घ्यायचं तर असं घ्यायचे. त्याला पळू द्यायचं, ओरडू द्यायचं, पण तो बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. त्या दिवसापासून तो आपला दोघींचा शब्द झाला. कुणी आपल्याला मागच्या खुर्चीवर बसवलं की एकीनं दुसरीकडं बघायचं आणि नुसतं "लिं" म्हणायचं.

आणि पहिल्याच गावात झालेली ती फजिती. ग्रामपंचायतीच्या शिपायानं देवळाच्या कर्ण्यावरून सांगितलं, "दुपारी तीन वाजता शाळंत पाळीचा खेळ हाये, समद्यांनी यावं." त्याला पाण्याची पाळी म्हणायचं होतं. एकही बाप्या फिरकला नाही आणि चाळीसेक बाया पोरं कडेवर घेऊन आल्या. त्यांना वाटलं नर्सबाई आलीय. एक म्हातारी तर येतानाच तोंड सोडून आली, "असलं कर्ण्यावरनं सांगत्यात व्हय गं? जनाची न्हाई तर मनाची." मी शरमून परत निघाले होते. तू मात्र फक्कीचा डबा उघडलास आणि बायांनाच रेघेवर बसवलंस. त्या काय खेळल्या. टेलच्या बाईनं पिशवी उलटी केली, आत काही नव्हतं, तर ती उठून रेघेवरून चालत तोंडाशी गेली आणि तिथल्या बाईची मूठ धरून उघडवली. आपण तसा नियमच केला नव्हता. त्यानंतर आपण पाळी हा शब्द सोडला आणि सगळीकडं मुठीचा खेळ म्हणून सांगू लागलो.

तो खेळ चालला गं. खरोखर चालला. एका गावात चिठ्ठीनं डेअरीचा चेअरमनच टेलला बसला. पिशवी त्याच्याकडं आली, त्यानं आत हात फिरवला, मग झाडली, मग उलटी केली. "आयला, येक बी न्हाई ठिवला व्हय?" शेजारी बसलेला खरा टेलवाला शांतपणे म्हणाला, "चेअरमन, आमी धा वरसं हीच पिशवी झाडतोय." पुढच्या डावात त्यांनी आपले आपण नियम केले. तू परत येताना एसटीत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलीस. इतकी समाधानानं झोपलेली मी तुला नंतर कधी पाहिली नाही.

आता ते गाव. नाव लिहीत नाही. नावाचीच तर भानगड आहे.

शाळेच्या पटांगणात आठजण बसले होते. चौथ्या जागेवर तात्या, गावातलं वजनदार माणूस. होऊ घातलेल्या संस्थेचा अध्यक्ष तोच होणार हे ठरल्यासारखं होतं. भोवती शंभरेक बघे. तेवढ्यात पंचशीलनगरमधून सकुबाई आली. पंचशीलनगर म्हणजे गावाच्या वरच्या अंगाची बौद्ध वस्ती, तीस-बत्तीस घरं. येऊन ती रेघेपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "आमी कुठं बसायचं?"

आठ जागा भरल्या होत्या. तिला वाटलं, आपल्या दोघींना प्रश्न कळला नाही. तिनं समजावून सांगितलं. "कालवा आमच्या रानातनं खणला. माजं दीड एकर त्यात गेलं. ऱ्हायलेलं रान कालव्याच्या वर हाये, आन पाणी काय वर चढत न्हाई. म्हून संस्थेत आमचं नाव न्हाई म्हंत्यात. मंग ह्या तुमच्या खेळात तरी आमची जागा कुठं हाये ते सांगा."

इथपर्यंत माझी आणि सकुबाईची आठवण जुळते. पुढचं मी नऊ वर्षं असं सांगत आले: तू हसून म्हणालीस, "सकुबाई, तुम्ही लिंबूटिंबू. खेळा बिनघोर, तुमच्यावर राज्य नाही येणार." तिला दुखवायचं नव्हतं, तिला खेळात घ्यायचं होतं. सगळे हसले, सकुबाईही थोडी हसली आणि शाळेच्या पायरीवर जाऊन बसली.

पायरी उंच होती. तिथून तिला सगळ्यांचे हात दिसत होते. पिशवी सहाव्यापाशीच रिकामी झाली तेव्हा ती वरून म्हणाली, "चौथ्या पावण्यानं दोनदा हात घातला." खरंच होतं ते. तात्याच्या दोन्ही मुठी मिटलेल्या होत्या. तू म्हणालीस, मुठी उघडा. तात्या हसत म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची, सुमनताई." आणि मग पायरीकडं न बघता, अगदी गमतीत म्हणतात तसं म्हणाला, "आन लिंबूटिंबूनं मधी बोलायचं नसतं."

या वेळचं हसू वेगळं होतं. मला ते तेव्हा कळलं नाही. तुला कळलं. तू एकाएकी चिंचोके गोळा करायला लागलीस आणि डाव अर्धाच राहिला.

त्यानंतर काय झालं ते तुला सांगायला नको. संस्थेच्या पहिल्या सभेला सकुबाई गेली, निदान कालव्यावरून पिण्याचं पाणी उचलू द्या म्हणून विचारायला. तिला सांगितलं, "तुमी लिंबूटिंबू, पायरीव बसा." वर्षभरात तो शब्द तिच्यावरून उतरून अख्ख्या वस्तीवर जाऊन बसला. शाळेत तिथल्या मुलांना तेच म्हणू लागले. वस्तीला जायच्या वाटेवर एसटी हात दाखवला की थांबते, तिथं एक दिवस कंडक्टर ओरडला, "चला, लिंबूटिंबू वस्ती, उतरा." आपण दोघी त्याच गाडीत होतो. तू सीटवरून उठलीस आणि उठल्यावर काय करायचं ते तुला सुचेना. तशीच दांडी धरून उभी राहिलीस. त्या कंडक्टरला बिचाऱ्याला काही माहीतच नव्हतं. त्याला वाटलं, नावच आहे ते. ज्यानं कधी रेघ बघितली नाही, चिंचोका बघितला नाही, तोही ते नाव घेत होता.

तू पिशवी दाराआडच्या खुंटीला टांगलीस आणि खेळ बंद केलास. तिथून आपलं भांडण सुरू झालं.

मी म्हणायचे, एका शब्दापायी इतका चांगला खेळ बंद करायचा? तू म्हणायचीस, शब्दाचं सोड, खेळातच खोट होती. आपण आठ जागा मोजल्या त्या कुणाच्या यादीवरून? मी म्हणायचे, कायद्याच्या. कायद्यात ज्याला जागा नाही त्याला खेळात कुठून आणायची? मग तो खेळ खोटा झाला असता. तुझं उत्तर ठरलेलं. "कुंदे, खेळात सुद्धा जागा सुचली नाही, तर कायद्यात कुणाला सुचणार आहे?" मला वाटायचं, ही वाक्यं टाळ्यांना बरी. आणि मग मी ते बोलायचे. "बोललीस तू. जीभ तुझी घसरली. मग खापर खेळावर का फोडतेस?" तू गप्प व्हायचीस. दर वेळी याच ठिकाणी गप्प व्हायचीस. मला वाटायचं, मी जिंकले.

तू अर्ज करत राहिलीस. ग्रामपंचायतीला, डेपोला, की वस्तीच्या वाटेवर पंचशीलनगर असा फलक लावा. डेपोचं उत्तर आपण दोघींनी मिळून वाचलं होतं: सदर थांबा अधिकृत नसल्याने नावाचा प्रश्न उद्भवत नाही. मी हसून लोळले, तू कागद घडी करून ठेवलास. दर वर्षी एकदा तू एकटीच सकुबाईकडं जायचीस. मला कधी नेलं नाहीस, मीही चल म्हणाले नाही.

तीन वर्षांनी एकदा तू पिशवी खुंटीवरून काढलीस आणि मला वर डोंगरात तळेघरला घेऊन गेलीस. गाडी चुकली म्हणून किती चालवलंस मला. मी म्हणत होते, अगं तिथं कालवा नाही, चारी नाही, भात आणि नाचणी करणारी माणसं, त्यांना पाणीवाटपाचा खेळ कशाला? तिथला म्हातारा पण तेच म्हणाला. "पाऊस पडतो आमच्या डोक्याव, पाणी जातंय खाली तुमच्या रानात. तुमी वाटून घ्या. आमाला कशाला मधी घेता?" तू त्याला रेघेच्या तोंडाच्याही आधी बसवलंस आणि पिशवी त्याच्या हातात दिलीस. म्हणालीस, "बाबा, ही तुमच्याकडून निघते." त्यानं पिशवी मांडीवर घेतली आणि बराच वेळ पुढे दिलीच नाही. खाली बसलेले सगळे त्याच्याकडं बघत राहिले. मला तेव्हा कंटाळा आला होता, खरं सांगते. माझं सगळं लक्ष परतीच्या गाडीकडं होतं. तू तिथं सकुबाईची जागा शोधत होतीस हे मला आत्ता, तू गेल्यावर कळतंय.

आणि आपलं शेवटचं बोलणं. तू खाटेवर होतीस, पाय सुजलेले. म्हणालीस, "कुंदे, सकुबाईकडं एकदा जाऊन येशील?" मी मोसंबं सोलत होते. मी म्हणाले, "तुझी माफी तू माग, बाई. बरी हो आणि जा." हे असं म्हणाले मी. तू माझ्याकडं बघितलंस आणि हातातली फोड तोंडात घातलीस. चारच दिवस राहिले होते.

आता नळावरचं सांगते.

सकुबाई हात धूत होती. मी तिला म्हटलं, "सुमननं तुमच्यासाठी फार वाईट वाटून घेतलं. तिच्या तोंडून एक शब्द गेला आणि ती जन्मभर झुरली." सकुबाईनं नळ बंद केला. म्हणाली, "त्या न्हाई बोलल्या. तुमी बोलला."

मी म्हटलं, नाही हो, सुमन बोलली. ती म्हणाली, "ताई, सुमनताई फक्कीनं रेघ वडत व्हत्या. पाठ व्हती त्यांची आमच्याकडं. पिशवी तुमच्या हातात व्हती. तुमी हसून बोलला. त्यांनी मागं वळून पायलं. मला चांगलं ध्यानात हाये, जो बोलतो त्यो इसरतो, ज्याला बोलत्यात त्यो न्हाई."

ती बोलत असताना मला तुझे हात दिसले. बोटं पांढरी झालेली. तात्या पुढे सरकून बसला होता, त्यानं रेघ पुसली गेली म्हणून तू ती परत ओढत होतीस. आणि तू वळून माझ्याकडं पाहिलंस ते मला आठवत होतं, नऊ वर्षं आठवत होतं. मी समजत होते की आपला दोघींचा शब्द म्हणून तू हसलीस. तू हसली नव्हतीस.

सकुबाई म्हणाली, "म्या त्यांना पयल्याच वरसाला इचारलं. बोलल्या त्या दुसऱ्या ताई, मंग तुमी का येता? तर म्हणल्या, शब्द माजाच हाये, तिनं उसना घेतला. आन म्हणल्या, ती यील तवा यील." एवढं सांगून तिनं पदराला हात पुसले आणि मांडवात जाऊन बसली.

सुमे, आठ दिवस मी हेच घोळवतेय. तू किती मोठ्या मनाची, असं म्हणून मोकळं व्हावं असं वाटतं आणि मग राग येतो. इतका राग येतो की तुझ्या फोटोकडं बघवत नाही. मी समोर बसून तुला टोमणे मारत होते, तुझ्याच शब्दाला तुझी घसरलेली जीभ म्हणत होते, आणि तू ऐकून घेत होतीस. एकदा तरी म्हणायचं होतंस, "कुंदे, तू बोललीस." मी नाकारलं असतं. आदळआपट केली असती, महिनाभर आले नसते. पण मग आले असते. मी आले नसते असं तुला वाटलं का? मला झेपणार नाही असं वाटलं? तसं असेल तर ऐक. त्या पटांगणात मी सकुबाईला जे केलं, तेच तू मला केलंस. मला पळू दिलंस, ओरडू दिलंस, भांडणात जिंकूही दिलंस, आणि माझ्यावर राज्य येऊ दिलं नाहीस. नऊ वर्षं आपल्या दोघींच्या खेळात मी लिंबूटिंबू होते आणि मला पत्ता नव्हता.

आणि त्याच वेळी हेही खरं की माझ्या वाटचं कुणी कधी इतकं वाहिलं नाही. आईनंही नाही. हे दोन्ही एकाच वेळी कसं धरायचं ते मला येत नाही. तू असतीस तर त्याचाही काहीतरी खेळ केला असतास.

परवा मी सकुबाईकडं गेले. तुझ्या वहिनीनं खुंटीवरची पिशवी काढून दिली. चिंचोके मी मोजले, चाळीसच होते. सकुबाईच्या दारात मी हात जोडले आणि बोलायला लागले, तर तिनं मला मधेच थांबवलं. "माज्याफुडं कशाला? मला ठावं हाये. जिथं बोलला तिथं बोला. आन खेळ घ्या, म्हंजी लोकं येतील."

दुपारी शाळेच्या त्याच पटांगणात वीसेक माणसं आली. तात्या आता काठी टेकत येतो, पण आला. मी फक्कीची रेघ ओढली, वाकडी आली, ते तुझं काम होतं. सात जणांना बसवलं आणि सकुबाईला विचारलं, "तुम्ही कुठं बसता?" ती एकदम तोंडाशी, पहिल्याच्याही वर जाऊन बसली. म्हणाली, "कालवा माज्या रानातनं यितो. पिशवी हिकडं द्या." डाव झाला. मी म्हणाले, मुठी उघडा. सकुबाईच्या मुठीत पाच होते. टेलला तीन पोचले, आपल्या खेळात ही काही वाईट गोष्ट नव्हती.

मग मी बोलले. पाठ करून गेले होते ते सगळं विसरले. एवढंच म्हणाले की इथे याच जागी या वस्तीला मी लिंबूटिंबू म्हणाले होते, सुमन नाही, मी. वस्तीचं नाव पंचशीलनगर आहे आणि माझा शब्द मी परत मागते.

तात्याला खरंच नवल वाटलं. "आवो ताई, त्यात काय येवढं? आमी तर इसरलो बी कोण बोललं. आता नावच पडलंय ते, त्याला तुमी तरी काय करणार?" तो वाईट बोलत नव्हता, मला बरं वाटावं म्हणून बोलत होता, आणि दोनचार जणांनी माना डोलावल्या. मला वाटलं होतं की बोलल्यावर काहीतरी हलकं होईल. काही झालं नाही. सकुबाई पिशवीत चिंचोके भरत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "येकदा बोलून पडलेलं नाव येकदा बोलून उठतंय व्हय?"

ती मला वाटेपर्यंत सोडायला आली. गाडी आली, कंडक्टर नवीन, पंचविशीचा. म्हणाला, "कुठनं बसला, मावशी? लिंबूटिंबू का?" मी म्हटलं, "पंचशीलनगर." तो म्हणाला, "ह्या रूटला असं गाव न्हाई." मी म्हटलं, "आहे. ते दुसरं नाव मी ठेवलं होतं. ते चुकलं होतं." गाडीतली चार माणसं वळून बघायला लागली. त्यानं मला वेड्यात काढलं असणार. तिकीट फाडून हातात दिलं आणि पुढे गेला. पुढे जाता जाता ड्रायव्हरला काय सांगितलं ते ऐकू आलं नाही, दोघं हसले.

पुढच्या शनिवारी मी परत त्या गाडीनं जाणार आहे. त्याच्या पुढच्याही. कंडक्टर बदलतात, नव्याला नव्यानं सांगावं लागेल, आणि तेही हसतील. हसू देत. तू आता मधे पडू नकोस, सुमे. राज्य माझ्यावर आहे.